चौथा उद्गार

१८ फेब्रुवारी २०२६, बुधवार

राखेचा बुधवार. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी चर्चच्या पायऱ्यांवरच गाठलं. शुभ शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. यंदा चौथा माझ्या वाट्याला. "बाई, पंधरा मिनिटं. शाळेचा तास घेऊ नका."

पहिले दोन उद्गार सगळ्यांनाच हवे असतात. एकात मारणाऱ्यांना क्षमा आहे, दुसऱ्यात शेजारच्या चोराला सुखलोकाचं वचन. तिसऱ्यात आई येते, तो हमखास महिला मंडळाकडे जातो. चौथा उरतो. देवानं आपल्याला का टाकलं, असं येशू देवालाच विचारतो आणि वरून काही उत्तर येत नाही. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि मत्तय यांनीच हे लिहून ठेवलं. लूक आणि योहान यांच्या पानांवर ते सापडत नाही. आमच्या बहुतेक वक्त्यांचा कलही लूक-योहानाकडेच. चौथा उद्गार मिळाला की पाच मिनिटं त्यावर बोलायचं आणि उरलेली दहा पुनरुत्थानावर काढायची.

मी ठरवलंय, या उपवासकाळात शास्त्रातली अशी माणसं वाचायची, जी देवाच्या अगदी जवळची म्हणून सांगितली जातात. त्यांना ती जवळीक कशी वाटत होती ते बघायचं. वाटत होती का, हेही.

रमजानही याच आठवड्यात लागतोय. येताना झेंडीगेटपाशी खजुराच्या गाड्या दिसल्या. अर्धं नगर उपाशी राहणार यंदा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अक्कांचं डायलिसिस. मंगळवार-शुक्रवार, पहाटेची पाळी, चार तास. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. डाव्या हाताच्या फिस्टुलात दोन सुया घालून सिस्टर निघून गेल्या की मी पिशवीतून शास्त्र काढते. अक्कांना स्वतः वाचता येत नाही आता, डोळे गेलेत साखरेनं.

सवयीनं बेचाळिसावं स्तोत्र उघडलं. पाण्यासाठी धापा टाकणाऱ्या हरिणीचं. दोन ओळी झाल्या नाहीत तोवर अक्का म्हणाल्या, "ते नको गं. मला पाणी आठवतं."

मी गप्पच झाले. दिवसाला लिटरभर पाणी त्यांना, त्यातच चहा आला, वरण आलं, गोळीबरोबरचा घोट आला. उन्हाळा अजून लागायचाय. बर्फाचा खडा तोंडात धरून दुपार काढतात. आणि मी त्यांना तहानेवर भक्तिगीत वाचून दाखवतेय. पुढं त्रेसष्टावं स्तोत्र आहे, तेही कोरड्या जमिनीचंच. दावीदाला हवं तेवढं पाणी प्यायची मुभा असेल तेव्हाच असं लिहिता येत असणार, असं अक्कांचं मत.

शेवटी त्र्याहत्तरावं वाचलं, आसाफाचं. हा मनुष्य मंदिरातला गाणारा, आणि सुरुवातच कबुलीनं करतो की माझा पाय घसरायच्या बेतात होता. का, तर दुष्टांचं बरं चाललेलं बघवेना. त्यांना आजार नाहीत, अंगं तुकतुकीत, आणि आपण हात स्वच्छ ठेवून रोज मार खातो. अर्धं स्तोत्र हीच कुरकुर. मग तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि शेवटाला येता येता म्हणतो की देवाजवळ असणं यातच माझं भलं आहे. लोक हे शेवटचं वचन फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. आधीची कुरकुर कोणी लावत नाही. पण स्तोत्राच्या शेवटी दुष्टांची अंगं तशीच तुकतुकीत आहेत, आसाफाचंही काही सुधारलेलं दिसत नाही.

अक्का म्हणाल्या, "हा माझ्यातला आहे."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल संध्याकाळी नात्यातल्या एकीनं बाहेरगावचे एक प्रचारक अक्कांकडे आणले. तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली. इथवर ठीक. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंच आहे. पण जाताना म्हणाले, "आजी, विश्वास पूर्ण ठेवा. विश्वासात कमी आहे म्हणून मशीन सुटत नाही."

अक्का काही बोलल्या नाहीत. चहा घेऊन जा म्हणाल्या. मी मात्र रात्री झोपले नाही.

ईयोबाचं पुस्तक ४२ अध्यायांचं. त्यातले कितीतरी अध्याय मित्रांच्या भाषणांनी भरलेत. अलीफज, बिल्दद, सोफर. तिघं आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. मग तोंड उघडलं आणि बिघडलं. त्यांची शिकवण बघायला गेलं तर वाईट नाही. देव न्यायी आहे, पेराल ते उगवतं, पापाची कबुली दे म्हणजे सुटशील. यातलं पुष्कळसं आमच्या व्यासपीठावरून दर महिन्याला ऐकू येतं. ईयोब याच्या उलट बोलतो. जन्मलो तो दिवस जळो म्हणतो. पूर्वेला गेलो तरी देव नाही, पश्चिमेला गेलो तरी सापडत नाही, सापडला तर त्याच्याशी वाद घालीन म्हणतो.

शेवटी वावटळीतून देव बोलतो. ईयोबाच्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही. रानगाढव, शहामृग, गरुड यांच्या गोष्टी सांगतो. आणि मग अलीफजाकडे वळून त्याला सुनावतो की तू आणि तुझे दोघं मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाला जाब विचारणारा बरोबर ठरला. शिवाय मित्रांसाठी प्रार्थना करायची ती ईयोबानंच.

इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना माणसं आजाऱ्याच्या उशाशी जाऊन अलीफजाची भाषणं का करतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

१ मार्च, रविवार

उपदेश याकोबावर. बेथेलची शिडी, दगडाची उशी. पाळकसाहेब चांगलं बोलले, थोडं लांबलं. एक गोष्ट त्यांनी सोडून दिली. याकोब तिथं प्रार्थनेला गेला नव्हता. बापाला फसवून, भावाच्या भीतीनं पळत निघाला होता, सूर्य मावळला म्हणून वाटेत आडवा झाला. जागा झाल्यावर म्हणतो, देव इथं होता आणि मला ठाऊकही नव्हतं. वीसेक वर्षांनी यब्बोक नदीपाशी रात्रभर झोंबी होते, तेव्हा देव त्याच्या इतका जवळ येतो की मांडीचा सांधा निखळतो. आशीर्वाद मिळतो, आणि लंगडणंही.

मोशेचंही तसंच. तेज दाखव म्हणून हट्ट धरला, तर खडकाच्या भेगेत ठेवून देव पुढं निघून गेला आणि पाठ तेवढी दिसली. पुढून नाही, पाठमोरा. मला हे आवडतं. आयुष्यात देव होता असं ज्या ज्या वेळी वाटलं, ते तो होऊन गेल्यावरच वाटलं.

४ मार्च, बुधवार

रंगानं अंगण माखलंय. नातू निळाजांभळा होऊन आला.

आज एलीया. राजांचं पहिलं पुस्तक, एकोणिसावा अध्याय. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला, बालाचे संदेष्टे हरलेले. एवढा विजय झाल्यावर ईजबेल राणीचा एक निरोप येतो आणि हा पळत सुटतो. बैर-शेबाच्या पलीकडं रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. आता पुरे, माझा जीव घे.

देव यावर काय करतो? उपदेश नाही, रागावणं नाही. झोपू देतो. देवदूत उठवतो तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दाखवायला. हा खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खा म्हणतो, कारण वाट लांबची आहे. मी शाळेत असताना हा उतारा मुलांना शिकवायची तेव्हा हा भाग पटकन उरकायची आणि वारा, भूकंप, अग्नी यांच्यावर थांबायची. आता उलट करीन. खचलेल्या माणसाला आधी झोप आणि भाकर, हे शास्त्रात लिहून ठेवलंय याचं मोल नर्सिंग केलेल्या माणसाला विचारावं.

पुढं होरेब. वारा खडक फोडतो, त्यात देव नाही. भूकंपात नाही, अग्नीतही नाही. मग ती शांतता, आणि त्या शांततेतला बारीक आवाज. सगळे उपदेशक इथं पोहोचले की स्वतःचा आवाज खाली आणतात. पण पुढची वचनं वाचली पाहिजेत. त्या शांततेनंतर देव एलीयाला तोच प्रश्न विचारतो जो आधी विचारला होता, तू इथं काय करतोस. आणि एलीया तेच उत्तर देतो जे आधी दिलं होतं. जवळजवळ शब्दाला शब्द. मी एकटा उरलोय आणि माझा जीव घ्यायला टपलेत. बायबलमधली इतकी प्रसिद्ध भेट झाली, तोंडावर झगा ओढून घ्यावा लागला, आणि माणसाची तक्रार कानामात्रेनंही बदलली नाही!

देव तक्रार खोडून काढायच्या भानगडीत न पडता कामं सांगतो. हजाएलाला अभिषेक कर, येहूला कर, अलीशाला तुझ्या जागी नेम. आणि जाता जाता, तू एकटा नाहीस, सात हजार आहेत.

भेटीनं मन बदलतं, ओझं उतरतं, अश्रू येतात, अशा साक्षी आपण ऐकत आलो. येत असतील. एलीयाला काही आलं नाही. तो उठून कामाला लागला.

६ मार्च, शुक्रवार

मशीनजवळ मार्काचा नववा अध्याय. झटके येणाऱ्या मुलाचा बाप. शिष्यांकडून काही झालेलं नाही, शास्त्री वाद घालतायत, गर्दी जमलीय. बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असलं तर करा. 'असलं तर'! येशू त्यावरून त्याला टोकतो. मग तो ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे आणि नाहीही, जे नाही त्याच्यासाठी मदत करा.

येशूनं त्याला परत पाठवलं नाही. विश्वास पूर्ण करून ये म्हटलं नाही. मुलगा बरा झाला.

पलीकडच्या खाटेवरचे मुल्लासाहेब रोजे ठेवू शकत नाहीत म्हणून हळहळत होते. अक्का त्यांना म्हणाल्या, "भाऊ, आपला उपास बारमाही आहे." दोघंही हसले.

१० मार्च, मंगळवार

अक्कांना मशीनवरच ग्लानी आली, रक्तदाब उतरला. पाय वर केले, सलाइन लावलं. शास्त्र पिशवीतच राहिलं.

१३ मार्च, शुक्रवार

आज बऱ्या होत्या. मार्काचाच दुसरा अध्याय. कफर्णहूमचं घर, दारात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून चौघं जण छप्पर उसकटून पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट खाली सोडतात. तिथं लिहिलंय की येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला. बाजेवरच्याचा होता की नव्हता याची चौकशी नाही. तो संबंध गोष्टीत एक शब्द बोलत नाही. शेवटी उठून बाज उचलून चालू लागतो तेवढंच. विश्वास त्या चौघांचा, घाम त्यांचा, आणि घरमालकाच्या छपराचं नुकसानही त्यांच्याच अंगावर आलं असणार.

मंडळी या गोष्टीसाठी असते असं मला वाटतं. ज्याला स्वतःला येत नाही त्याच्या वतीनं चार जणांनी यायचं. अक्कांना हल्ली प्रार्थना करता येत नाही, त्या स्वतःच सांगतात. डोळे मिटले की झोप लागते. गुरुवारी घरोघरच्या प्रार्थना सभेत त्यांचं नाव घेतलं जातं, तेव्हा पेटीवर बसलेला पोरगा, ढोलकीवाला, समोसे तळणारी सून, सगळे मिळून बाज उचलून असतात.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. शेजारून श्रीखंड आलं. अक्कांना चमचाभर.

आज पंडिता रमाबाईंचं 'साक्ष' पुन्हा वाचलं, १९०७ सालचं. शाळेत मी रमाबाई शिकवायची त्या शारदा सदनवाल्या, मुक्तीवाल्या, १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून वाचवणाऱ्या. त्यांच्या आतलं कोणी विचारत नाही. बापाबरोबर, अनंतशास्त्री डोंगऱ्यांबरोबर, तीर्थामागून तीर्थ हिंडताना लहानपण गेलं. १८७४च्या सुमारास आईबाप उपासमारीत गेले. भाऊ श्रीनिवास १८८० साली, नवरा लग्नानंतर दोन वर्षांत. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आणि त्या स्वतः लिहितात की त्यानंतर आठेक वर्षांनी ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

आठ वर्षं! त्या काळात त्यांनी अमेरिका पालथी घातली, पैसा उभा केला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. आजच्या मंडळीत एखाद्या बाईनं उभं राहून असं सांगितलं तर तिला रविवारशाळेच्या वर्गावरून काढून टाकतील. रमाबाईंनी छापून जगाला वाटलं.

जवळीक नसतानाही त्या कामात खोट्या नव्हत्या, हे मला धरून ठेवायचंय. विश्वास आधी पायांत येतो, मनात पोहोचायला त्याला वेळ लागू शकतो. पुढं मनोरमा १९२१ साली गेली, आईच्या आधी. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या.

२४ मार्च, मंगळवार

अक्का विचारतात, देवाशी भांडलेलं चालतं का. सिस्टर सुई लावत होत्या तेव्हाच विचारलं, त्यामुळे तिघींची चर्चा झाली.

मी म्हटलं, मराठी माणसानं हे विचारावं? तुकोबांनी विठोबाला काय काय ऐकवलंय ते अर्ध्या महाराष्ट्राला पाठ आहे. नारायण वामन टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ते आमच्या नगरातच राहिले, आणि आमची भजनं अभंगाच्या चालीत आली ती त्यांच्यामुळे. त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं रंगवली होती याच गावात. टाळ-वीणा आली, विरहाची आळवणी आली. भांडण मात्र आम्ही पुलाच्या पलीकडंच ठेवून आलो की काय, असं कधी कधी वाटतं. आमच्या प्रार्थना फार सभ्य झाल्यात. हे दयाळू स्वर्गीय पित्या, म्हणून सुरू करायचं आणि एकाही वाक्यात आवाज चढू द्यायचा नाही.

अक्कांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र लावायला सांगितलं. बहुतेक विलापस्तोत्रं रडून झाल्यावर शेवटी तरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. हेमान एज्राही रात्रंदिवस हाका मारतो, तू माझे सोबती दूर केलेस म्हणतो, आणि अंधारातच स्तोत्र संपतं. संपादकांनी शेवटी एखादी बरी ओळ जोडली असती तर कोणाला कळलं असतं? जोडली नाही. मंदिरात गायच्या गाण्यांत ते तसंच ठेवलं.

ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याच्याशी भांडण होत नाही. हेमान देवाला 'तू' म्हणतोय, शेवटपर्यंत.

२९ मार्च, रविवार

झावळ्यांचा रविवार. मिरवणूक, मुलांचा गोंधळ, एकाच्या झावळीनं दुसऱ्याचा चष्मा उडाला.

पंधरा मिनिटांचं भाषण अजून कागदावर नाही.

३१ मार्च, मंगळवार

पाळकसाहेब दवाखान्यात अक्कांना भेटायला आले, सलाम झाला, मग मला म्हणाले, "बाई, बाविसाव्या स्तोत्राचा उल्लेख करा. येशूनं त्याची पहिलीच ओळ उच्चारली. त्या काळी पहिली ओळ म्हटली की सगळं स्तोत्र अभिप्रेत असे, आणि ते स्तोत्र विजयानं संपतं. लोकांना आधार मिळेल."

हे मी पुष्कळदा ऐकलंय, टीकाग्रंथांतही आहे, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. बाविसावं स्तोत्र मार्काच्या मनात होतंच. वस्त्रांवर चिठ्ठ्या टाकणं, डोकी हलवून टर उडवणं, सगळं त्यातलं आहे. पण खिळ्यांवर लटकलेल्या माणसानं ओरडून काही विचारलं आणि आपण एकमेकांना समजावतोय की काळजी करू नका, पुढच्या ओळी त्याला ठाऊक होत्या. स्तोत्राच्या शेवटापर्यंत जायला त्याला श्वास उरला नव्हता. मार्कात वधस्तंभावरचा हा एकच उद्गार आहे. यानंतर मोठी आरोळी आणि मृत्यू. जवळ उभ्या असलेल्यांनी तेवढंही धड ऐकलं नाही. त्यांना वाटलं एलीयाला बोलावतोय.

मी तसं म्हटलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "मग पंधरा मिनिटं बोलणार काय?"

अक्का डोळे मिटून पडल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, तिला बोलू द्या. आधाराचं पुढचे तिघं बघतील."

३ एप्रिल, शुभ शुक्रवार

मशीनला शुभ शुक्रवार नसतो. पहाटेची पाळी उरकून दहाला घरी, अक्कांना झोपवून बारापर्यंत चर्चमध्ये. उकाडा असह्य, पंखे मध्येच बंद.

बोलले ते थोडक्यात असं. शास्त्रात देवाच्या जवळची म्हणून जी माणसं आहेत, त्यांच्यातल्या फार थोड्यांना आपण जवळ आहोत असं वाटत होतं. ईयोबाला देव सापडत नव्हता. एलीयाला मरायचं होतं. हेमानाला अंधार दिसत होता. आता देवाचा पुत्रच त्यांच्या ओळीत येऊन उभा राहिलाय आणि तोच प्रश्न विचारतोय. म्हणून या मंडळीत ज्या कोणाला देव जवळ वाटत नाही, त्यानं आपण ओळीच्या बाहेर आहोत असं समजू नये. आणि कोणी त्याला विश्वास कमी आहे असंही सांगू नये. हे शेवटचं वाक्य जरा चढ्या आवाजात गेलं.

शताधिपतीवर थांबले. मार्काच्या शुभवर्तमानात भुतांनी येशूला ओळखलं होतं, आकाशवाणीनं ओळखलं होतं. पण त्याला देवाचा पुत्र म्हणणारा पहिला माणूस हा रोमी शिपाई. त्यानं चमत्कार पाहिले नव्हते. डोंगरावरचं प्रवचन ऐकलं नव्हतं. त्यानं फक्त हा माणूस कसा मेला ते समोर उभं राहून पाहिलं, टाकल्याच्या आरोळीसकट. देव त्याला तिथं दिसला.

पंधरा मिनिटं भरली नाहीत. पाळकसाहेबांनी उरलेल्या वेळात एक जादा गीत घेतलं. पाचव्या उद्गाराचे वक्ते तहानेवर सुरेख बोलले. अक्का नव्हत्या तेच बरं.

५ एप्रिल, रविवार

पहाटे कबरस्तानात. मेणबत्त्या, झेंडू, शेवंती, भजन. भाऊजींच्या कबरीवर अक्कांच्या वतीनं हार घातला. आज रमाबाईंचीही पुण्यतिथी, १९२२ सालची.

घरी आल्यावर मार्काचा सोळावा अध्याय. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान आठव्या वचनाशी थांबतं: बाया कबरीपासून थरथरत पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढची वचनं नंतर आलेली. पुनरुत्थानाची पहिली बातमी ज्यांना मिळाली त्यांना आनंद झाला असं मार्क म्हणत नाही. घाबरल्या, म्हणतो. मला त्या बाया फार खऱ्या वाटतात. आणि त्यांनी पुढं कधीतरी तोंड उघडलंच असणार, नाहीतर आज पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन कशाला गेलो असतो.

दुपारी सगळे जेवायला. मटण, पुलाव. अक्कांना त्यांचं अळणी.

७ एप्रिल, मंगळवार

अम्माऊसची वाट वाचली, लूकाचा चोविसावा अध्याय. यरुशलेमपासून अकराएक किलोमीटर. क्लयपा आणि आणखी एक, ज्याचं नाव दिलेलं नाही. वाटभर येशू बरोबर चालतो आणि ओळखू येत नाही. संध्याकाळ झालीय, दिवस उतरलाय, आता पुढं जाऊ नका, असं म्हणून त्याला आग्रहानं थांबवतात. तो भाकर मोडतो, हे ओळखतात, आणि तो दिसेनासा होतो.

अक्कांना हे पटलं नाही. "ओळखलं की लगेच गेला? पानावर बसलेला माणूस असा उठून जातो?"

मी म्हटलं, पण ते दोघं बघा. रात्र झाली, पुढं जाऊ नका, असं पाहुण्याला सांगणारे तेच दोघं त्याच घटकेला उठले आणि तेवढेच किलोमीटर अंधारात परत चालत गेले यरुशलेमला.

"जेवून गेले का?"

लिहिलेलं नाही म्हटलं.

"गेले असणार. भाकर मोडून झाली होती ना." थोडा वेळ मशीनचा आवाज ऐकत राहिल्या. सिस्टर येऊन वजन सांगून गेल्या, दोन किलो जास्त. रविवारचं जेवण अंगावर आलं. अक्कांनी आपण काही प्यायलोच नाही असं ठासून सांगितलं, सिस्टरांनी विश्वास ठेवला नाही.

मग मला म्हणाल्या, "शुक्रवारी ईयोब घे. तिसऱ्या अध्यायापासून. मित्रांची भाषणं गाळ, ती मला पाठ आहेत."